बंदरावरची सहा पोलकी

१९ नोव्हेंबर १९८६

...आणि त्या सकाळी मी आधी दारापुढचं खळं सारवलं. विहिरीवरून चार घागरी पाणी आणलं. न्हाणीतल्या हंड्याखाली जाळ घातला, पेज चुलीवर ठेवली, कोंबड्या सोडल्या. हे आदल्या दिवशी दिवेलागणीला आले होते. बोटीवरून उतरून मुंबईत आठ दिवस, मग रात्रभर एस.टी. उठल्यावर पेज न घेताच देवीला नारळ ठेवायला गेले. साल ब्याऐंशी. दिवाळी होऊन गेली होती.

खलाशी घरी आला की दुसऱ्या सकाळी वाडी जमते. ट्रंक उघडायची आणि आलेल्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, अशी आमच्याकडची रीत. साबणाची वडी, ब्लेडचं पाकीट, काही नाही तर गोळ्या. कोणी रिकाम्या हातानं परत जाता कामा नये. सासूबाई होत्या तोवर किल्ली त्यांच्या कमरेला. देणार त्या, मी आतून चहा पाठवणार. त्या ज्येष्ठात गेल्या. त्यामुळे त्या सकाळी लग्नानंतर सोळा वर्षांनी ट्रंक पहिल्यांदा माझ्या हातानं उघडली.

वरच्या साबणाच्या वड्या लगेच संपल्या. खाली गोणपाटात बांधलेलं गाठोडं होतं. सोडलं तर आत सहा पोलकी. पोलकी म्हणजे आपल्यासारखी नव्हेत. जाड सुताचे तीन पट्टे शेजारी शेजारी जोडलेले, मधे डोकं घालायला भोक, बाजूनं शिवण. आणि सगळ्या अंगभर विणलेली जनावरं. एकावर घोडे, एकावर वाघासारखं काहीतरी, एकावर आपल्या देवळाच्या खांबावर आहे तसा दोन तोंडांचा पक्षी. रंग असे की डोळे दिपावेत. नवी नव्हती. काखेत ठिगळं होती आणि चुलीच्या धुराचा वास येत होता. हे मला तेव्हाच दिसलं होतं. परदेशात वापरलेली वस्तूही चांगली असते म्हणतात, असं मनाशी म्हटलं आणि वाटायला घेतली.

मासळीवाल्या गोदूबाईला घोडे दिले. भजनात पेटी वाजवणाऱ्या विश्रामला वाघ. परशुरामनं दोन तोंडांचा पक्षी स्वतःच उचलला. नणंद पद्मावती खारेपाटणहून भावाला भेटायला आली होती, तिला कोंबड्यांसारखे मोठे पक्षी. यशोदा दोन महिन्यांची मुलगी काखेत घेऊन आली होती, तिला बारीक चिमण्यांचं. सशांचं माझ्यासाठी ठेवलं. मी फार खुशीत होते. वाडीतल्या माणसांना माझ्या हातून काही मिळतंय, ही गोष्टच नवी होती.

हे परत आले तेव्हा मी सांगितलं, सगळं वाटून झालं, गाठोडंसुद्धा. ते दारात उभे होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बरां केलंस." मग हातपाय धुवायला मागे गेले.

चार वर्षांत ह्या गोष्टीची आठवण काढायचं कारण पडलं नव्हतं. काल गुरुदास आला म्हणून पडलं. ह्यांच्या ट्रंकेत ही कोरी डायरी होती, चौऱ्याऐंशीची. वार जुळत नाहीत. तारखा मी वरून लिहिते आहे.

२० नोव्हेंबर

काल थकून तसंच मिटलं. गुरुदासचं सगळं लिहून ठेवायला हवं.

गुरुदास वेंगुर्ल्याचा, ह्यांच्या बोटीवरचा सोबती. हे मार्चमध्ये वारले तेव्हा तो समुद्रावर होता. आल्या आल्या भेटायला आला. ओसरीवर बसला. चहा घेतला. मग म्हणाला, "वयनी, ती पोलकी खंय आसत?"

"कसली पोलकी?"

"ठेवीची. जनावरां आसलेली. त्या बंदरावरच्या बाईची."

मी म्हटलं, "ती ह्येंनी वाटूक हाडलेली."

"वाटूक?" त्यानं कपबशी खाली ठेवली. "कोणी सांगलां तुका?"

कोणीच सांगितलं नव्हतं.

त्यानं सांगितलं ते असं. ग्वाटेमाला म्हणून देश आहे, तिथून ह्यांची बोट केळी भरायची. धक्क्याच्या फाटकाशी एक बाई मक्याच्या भाकऱ्या आणि घेवडा विकायला बसे. हे दर खेपेला तिच्याकडे जेवत. जेवणाआधी हात जोडत, त्याचं तिला हसू येई. एकदा ती बाई आली ती साध्या गिरणीच्या कापडाच्या फ्रॉकात. तिच्याबरोबर आणखी पाचजणी, त्याही तशाच. त्या डोंगरातल्या एकाच गावच्या. तिथं गावागावाचं विणकाम वेगळं, पोलक्यावरून गाव ओळखतात. आणि मिलिटरी त्या वेळी गाव ओळखून माणसं नेत होती. लोक जाळून टाका म्हणाले तर त्यांच्यानं जाळवेनात. एकेक विणायला सहा-सहा महिने लागतात. भाकऱ्यांच्या टोपलीखाली गाठोडं घालून तिनं ते ह्यांच्याकडे दिलं. पुढच्या खेपेला परत आणा, अशी खूण केली. पंधरा दिवसांचा प्रश्न होता. पण बोट त्या मार्गावरून काढली आणि ह्यांचा करार संपला.

ह्यांचं नाव घेऊन तो म्हणाला, "सहदेव म्हणायचो, 'परत देवची आसत, गुरुदासा, माका झोप लागणां नाय.' मगे ह्या वर्सा माजी बोट थंय लागली. ती बाई नाय दिसली. तिचां चेडू बसता आता. माका बघून तेणां कपाळाक हात लावल्यान, सहदेव जोडी तसे हात जोडल्यान, आणि बोटां दाखवल्यान. सहा."

"आणि त्या बाया?"

गुरुदासनं मान हलवली. किती उरल्या ते त्यालाही त्या मुलीकडून कळलं नव्हतं. आमची तिकडची भाषा म्हणजे भाव विचारण्यापुरती, असं म्हणाला.

सात जानेवारीला तो मुंबईला निघणार. बोट परत त्याच मार्गावर आहे, ह्याच वेळेला, मग काय ते सांगता येत नाही. तोवर सहा गोळा करायची. मी हो म्हटलं.

२१ नोव्हेंबर

सशांचं काढलं. पुढे बारा ससे आणि पाठीला अकरा. एक राहून गेला की मुद्दाम सोडला कोण जाणे. मी ते कधी घातलं नाही. लाज वाटायची. कधी काढून फक्त बघत असे.

त्र्याऐंशीच्या श्रावणात हे परत बोटीवर निघाले. ट्रंक भरताना म्हणाले, "सशाचां मी नेऊ?" मी हसले. "एवढां एक माज्यासाठी हाडलंत, तांपण न्हेवचां?" त्यांनी ते परत घडी करून माझ्या लुगड्यांत ठेवलं. घडी नीट घातली होती हे आठवतं. मला वाटलं, बोटीवर थंडीला हवं असेल.

गुरुदास सांगत होता की त्या वर्षी ते एजंटाच्या कचेरीत दीड महिना बसून होते. तिकडच्या मार्गाची बोट द्या म्हणून. पगार कमी तरी चालेल. मला पत्रात लिहिलं होतं, बोट मिळायला उशीर होतोय, काळजी करू नकोस.

ती पत्रं मीच वाचायची. आधी पोस्टमन वाचून दाखवी आणि मधेच हसे. म्हणून मी मासळी बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या कागदांवरून अक्षरं जुळवायला शिकले. सगळं वाचता येतं असं मला वाटत होतं.

२५ नोव्हेंबर

गोदूबाईनं घोड्यांच्या पोलक्याची चुंबळ केली आहे. वळून वळून दोर झालंय आणि त्यावर रोज मासळीची पाटी. तिला घरी गाठायला गेले तर ती बाजारात. बाजारात गेले तर पाटी डोक्यावर, निघायच्या बेतात. काय सांगायचं ते ठरवून गेले होते. ह्यांची आठवण म्हणून हवं, असं.

"आठवण?" ती भर बाजारात ओरडली. "गो कावेरी, घोवाची आठवण तुका माज्या डोक्यार गावली? केस गेले, आता चुंबळ न्हे. मगे टाळकांपण न्हे."

आजूबाजूच्या बाया हसल्या. माझ्याकडून रडू आवरेना. आठ महिन्यांत कोणासमोर रडले नव्हते. मग खरं ते सांगितलं, तिथंच, मिठाच्या पोत्यांमागे. ती ऐकता ऐकता पाटी उतरवून खाली बसली.

"परक्या बाईची ठेव?"

"होय."

"मगे आदी सांगूक काय झालां तुका?" तिनं चुंबळ उचलून माझ्या हातात दिली. पाण्यानं थबथबलेली. "तुज्या घोवान माका तीन चुंबळी दिल्यान, म्हायत आसा? काथ्याच्यो, बऱ्यो वळलेल्यो. म्हणालो, ह्यो वापर, ती धुवन ठेव. मी म्हटलंय, मेलो बोटीर रवान रवान बायलांच्या कामात नाक खुपसूक लागलो. त्यो तीनय मी विकलंय."

पाटी तशीच डोक्यावर घेऊन गेली. मान वाकडी करून चालत होती.

रिठ्याच्या पाण्यात चारदा धुतलं. बांगड्याचा वास अजून आहे. घोड्यांचा रंग मात्र जरासुद्धा गेला नाही. वळलेल्या जागी दोन पाय तुटलेत.

२ डिसेंबर

विश्रामनं वाघाचं भजनाच्या पेटीला खोळ म्हणून वापरलंय. त्यानं काही न विचारता काढून दिलं. फक्त म्हणाला, "पेटी उघडी पडली गो." एवढंच. त्यानंही मला वाईट वाटलं.

वाडीत बोललं जातंय. घोव गेल्यापासून कावेरी दिलेल्या वस्तू परत मागत फिरते म्हणून. गोदूबाईला मी कोणाला सांगू नको म्हटलंय. परक्याची वस्तू आणून वाटली असं ह्यांच्या नावाला लागायला नको. पण वाटली कोणी?

संध्याकाळी मासळीच्या जुन्या कागदांची रास काढली. मी ते वाळवून ठेवते, पावसात वाचायला होतात. त्या देशाचं नाव कुठंतरी वाचल्यासारखं वाटत होतं. सापडलं. तीन ओळी आहेत. डोंगरातली गावं जाळली, माणसं रानात पळाली. पुढचा भाग मासळीच्या पाण्यानं गेलाय. तारीखही गेली. हा कागद माझ्या हातून तेव्हाच गेला असणार. मी वाचलं असणार आणि पुढच्या जाहिरातीवर गेले असणार.

९ डिसेंबर

काल खारेपाटणला जाऊन आले. कणकवलीला गाडी चुकली, दोन तास स्टँडवर. गुडघे आता ऐकत नाहीत.

पद्मावतीनं दारातच बघून ओळखलं की मी उगाच आलेली नाही. तिनं पोलक्याची उशी केली आहे. गळ्याचं भोक शिवून टाकलं आणि आत सावरीचा कापूस भरला. मी पुन्हा तेच सांगितलं, आठवण म्हणून.

"तुका तेची आठवण कमी आसा?" ती म्हणाली. "घर आसा, विहीर आसा, तेच्या हातचे माड आसत. माका भावाची एक उशी. तीपण मागूक इलंस. दिलेलां परत घेणाऱ्याचो हात झडता, आये म्हणायची. तुका कोणी सांगूक नाय?"

तिनं जेवायला वाढलं, पण स्वतः जेवली नाही. मी हात धुवून आले तर ती उशी मांडीवर घेऊन बसली होती.

"दादान दोनदा उशयो हाडून दिल्यान माका. सावंतवाडीच्यो, कोरे अभ्रे घालून. म्हणालो, 'ही वापर, ती जुनी माका दी, टाकतंय.' मी कित्याक देतंय? त्यो उशयो पावण्यांका काढतंय. निजतंय मी हेच्यारच."

मग मला खोटं बोलवेना. "पद्मावती, ती तुज्या दादाची नाय. परक्या बाईची ठेव. ती वाटूची नव्हती. मी वाटलंय."

ती उशीवर हात फिरवत राहिली. मग उठून ब्लेड घेऊन आली आणि शिवण उसवायला बसली. सावरीचा कापूस घरभर झाला. तिच्या केसांत, माझ्या पदरावर, तुळशीपर्यंत गेला. दोघी शिंकत होतो. तिला हसू आलं, मग मलाही. मग तिनं तोंडाला पदर लावला.

जाताना म्हणाली, "दादान माका सांगूक नाय. तुका सांगल्यान काय?"

"नाय."

"मगे तो कोणाक सांगी?"

गाडीत वाटभर हाच प्रश्न होता. मला का सांगितलं नाही. मी काय खाल्लं असतं त्यांना?

१० डिसेंबर

काही केलं नाही. पडून होते.

शेवटच्या आठवड्यात हे सारखे ट्रंकेकडे बघत. बोलवत नव्हतं. मला वाटलं नवं धोतर हवं असेल. काढून दाखवलं, त्यांनी मान हलवली. शर्ट दाखवला. नळी दाखवली, बोटीवरच्या नोकऱ्यांची नोंद असते ती लहान वही. त्यालाही मान हलवली. मग डोळे मिटले. मी ट्रंक बंद केली.

१७ डिसेंबर

परशुराम दशावतारात राजा होतो. जत्रांचे दिवस सुरू झाले म्हणून तो रात्री गावोगाव असतो. दुपारी घरी गाठला. पडवीत झोपला होता, डोळ्यांत काजळ तसंच, एका गालाला रंग. वर दोरीवर पोलकं वाळत होतं. दोन तोंडांच्या पक्ष्याच्या कडेनं त्यानं चकचकीत टिकल्या लावल्यात.

मी ह्या वेळी पहिल्यापासून खरंच सांगितलं. त्यानं ऐकलं आणि उठून बसला.

"म्हणजे राजाक उघड्या छातीन उभो करतलंस?"

"दुसरां काय तरी घाल."

"दुसरां? वयनी, चार वर्सां मी ह्यां घालून राज्य केलंय. बाकी दिवस लोकांच्या काजीच्या बागेत खत घालतंय. हेच्यासकट माका लोक राजा म्हणतत. हेच्याशिवाय, परश्या, हडे ये, ती फांदी तोड."

मला त्याचं पटलं. खरं म्हणजे मला प्रत्येकाचं पटतंय. म्हणूनच दमायला होतंय. मी उठले.

पायरी उतरले तेव्हा तो मागून म्हणाला, "थांब. सहदेव घरी आसलो की माज्या प्रत्येक खेळाक यायचो. अगदी पुढे. राक्षस इलो तरी तेचे डोळे माज्यारच."

"तेंका नाटकाचो नाद होतो."

"मीपण तसांच म्हणायचंय. पण खेळ संपलो की आत येय. म्हणा, 'ह्याची घडी मी घालतंय.' माका घालूक देय नसे. घामान भिजलेलां, तरी वारवून, दोन तोंडां एकार एक इली पायजेत अशी घडी घाली." तो दोरीकडे बघत होता. "तेका नाटकाचो नाद नव्हतो गो."

टिकल्या तोच काढत बसला. नखानं एकेक. म्हणाला, उद्याच्या खेळाला शाल घेतो. राजे शालही घेतात.

२२ डिसेंबर

पाच झाली. ट्रंकेत एकावर एक ठेवली आहेत. पाचही एकत्र ठेवल्यावर मूळचा धुराचा वास परत आला. मासे, घाम, सगळ्याच्या खालून. आमच्याच चुलीसारखा वास आहे.

यशोदेकडे अजून गेले नाही. तिचं घर सगळ्यात जवळ, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे. उद्या जाईन.

२९ डिसेंबर

गेले नाही. तांदूळ निवडले, कोकमं निवडली, जी आधीच निवडलेली होती. तिची मुलगी त्र्याऐंशीच्या पावसात तापानं गेली. आठ-दहा महिन्यांची. नंतर तिला मूल झालं नाही. मला तर झालंच नाही. तिच्याकडे जाऊन मुलीचं कापड मागायचं. गुरुदासला पाचच मिळाली म्हणून सांगितलं तर? पण बंदरावरच्या त्या मुलीनं सहा बोटं दाखवली.

मुलीला पुरायला हे गेले होते. परत आले ते जेवले नाहीत. माडाखाली अंधार पडेपर्यंत बसून होते. मी मनात म्हटलं, दुसऱ्याच्या मुलीसाठी एवढं करतात, स्वतःचं असतं तर काय केलं असतं.

३१ डिसेंबर

यशोदा खळ्यात वाल सोलत होती. मी बसले, तिच्याबरोबर सोलायला लागले. वाडीतलं तिच्या कानावर आलं होतं. तिनंच विषय काढला.

"तां चिमण्यांचां व्हया ना तुका?"

मी मान खाली घातली.

"तां नाय गो माज्याकडे." तिनं हातातली शेंग सोलून पुरी केली. "तां तिच्या अंगार आसा. थंय, व्हाळाच्या पल्याड."

माझ्या हातातून वाल खाली गेले.

"तेच्याशिवाय ती निजाच नाय. चिमण्यांक बोट लायत निजायची. त्या दिवशी पाऊस खूप, पांढरां कापड भिजून गेलां. मी म्हटलंय, ह्यां घ्या, ह्यां सुकां आसा, आणि तिका ओळखीचां आसा. बापये कोण हात लावना. मगे तुज्या घोवानच गुंडाळल्यान तिका. गुंडाळल्यान बरां. चिमण्यो तोंडाकडे ठेवल्यान." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुज्या हातचां दिलेलां. तुका नाय विचारलंय. मी बरां केलंय मा?"

ठेवीचं मी तिला सांगायचं ठरवून गेले होते. सगळ्यांना सांगितलं, तिलाही सांगायला हवं होतं. शब्द तयार होते.

मी म्हटलं, "बरां केलंस."

आणि मग मला तिथून उठता येईना. ती म्हणाली, "काय झालां गो?" मी म्हटलं, गुडघे.

१ जानेवारी १९८७

आज ह्यांच्यावर रागावून झालं. रडूनही झालं. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

९ जानेवारी

सातला गुरुदास आला. दुपारच्या गाडीनं मुंबईला जायचं म्हणून घाईत होता. मी पाचही घड्या करून ठेवल्या होत्या. घोड्यांचे पाय शिवायचा प्रयत्न केला, पण त्यांच्यासारखं विणकाम मला येत नाही, ते दिसतं. उशीच्या गळ्याची शिवण उसवली तिथं बारीक भोकं राहिली. बाकी आहेत तशी. गोणपाट तेव्हाचंच होतं, मी त्यात कोकमं ठेवत असे. धुऊन त्यातच बांधलं.

त्यानं मोजली. "सहावां?"

मी सांगितलं. तो ऐकून खांबाला टेकला.

"तां चेडू विचारतलां. माका थंयली भाषा येणां नाय, वयनी. कसां सांगू?"

"जसां येता तसां सांग."

त्यानं विचार केला. मग दोन्ही हात पुढे करून लहान मूल घेतल्यासारखे धरले. थोडं झुलवले. एक हात त्यावरून फिरवून कापड पांघरल्यासारखं केलं. मग खाली वाकून, अगदी हळू, ते हात जमिनीशी नेले आणि रिकामे वर आणले.

"समाजतलां?" त्यानं विचारलं.

"समाजतलां," मी म्हटलं. "तिका समाजतलां."

त्यानं परत एकदा करून पाहिलं, चुकू नये म्हणून. मोठा दाढीवाला माणूस, माझ्या ओसरीवर. मग गाठोडं आपल्या बॅगेत सगळ्यात खाली घातलं, वर कपडे घातले. त्या पाचांत माझं सशांचंही गेलं. निघताना तो म्हणाला, "सहदेवाचां नाव सांगतंय थंय." ह्यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलेलं नाही आणि आता कशाला घेऊ. पण तिकडे कोणीतरी घ्यावं, असं वाटलं.

तो व्हाळाच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत उभी होते. मग आत आले. ट्रंक उघडी होती, तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी खळं सारवून झाल्यावर मी ट्रंकेच्या तळातलं माझं हिरवं लुगडं काढलं. एका टोकाची चुंबळ वळली, गोदूबाईसाठी. मधल्या कापडाची पेटीला खोळ शिवली आणि पद्मावतीच्या उशीला एक अभ्रा. जरीचा काठ परशुरामला शालीला लावायला वेगळा काढला. यशोदेसाठी काही केलं नाही. तिच्या खळ्यात जाऊन बसले. ती वाल सोलत होती, मीही सोलायला घेतले.